तळच्या फळ्यांखालचें पाणी

आधार : मार्ककृत शुभवर्तमान, अध्याय ४, वचनें ३५ ते ४१



हा उतारा आपणांपैकीं बहुतेकांस तोंडपाठ आहे. रविवारशाळेच्या भिंतीवर त्याचें चित्र टांगलेलें असतें : काळें आभाळ, उंच लाटा, आणि होडीच्या मागल्या भागीं उशीवर निजलेला प्रभु. आपण वाचूं लागलों म्हणजे आपली नजर प्रथम लाटांकडे जाते, मग प्रभूच्या आज्ञेकडे जाते, आणि समुद्र निवाला कीं आपण पुस्तक मिटतों. परंतु मार्क जें आणखी एक सांगतो तें बहुधा आपल्या ध्यानांत राहत नाहीं. लाटा होडीवर आदळत होत्या एवढेंच तो सांगत नाहीं. होडी भरत चालली होती असेंही सांगतो. आणि पुढें वारा पडला व मोठें निवांत झालें असें सांगितल्यावर, होडींत आलेलें पाणी नाहींसें झालें असें मात्र तो कोठेंही म्हणत नाहीं.

मग त्या पाण्याचें काय झालें? शास्त्र येथें मौन धरितें, म्हणून मीही अधिक ठाम बोलत नाहीं. तथापि कोणत्याही नावाड्यास विचारा. तो हंसून सांगेल कीं, वारा पडला म्हणून होडीचा तळ कोरडा होत नसतो. तें पाणी कोणी तरी उपसलें असलें पाहिजे. त्या होडींत पेत्र, आंद्रिया, याकोब व योहान हे जन्माचे कोळी बसले होते. ज्या हातांनीं त्यांनीं प्रभूस घाबऱ्या घाबऱ्या जागें केलें, त्याच हातांनीं त्यांनीं पुढें काळोखांत, भांड्यानें म्हणा, ओंजळीनें म्हणा, तें पाणी बाहेर टाकिलें असेल. प्रभूची अशी रीत इतर ठिकाणींही दिसते. लाजाराला कबरेंतून हांक मारून उठविणें हें त्यानें स्वतः केलें. परंतु धोंड बाजूस सारणें व मेलेल्याचीं बंधनें सोडणें हें काम त्यानें भोंवतालच्या माणसांवर सोंपविलें (योहान, अध्याय ११). वाऱ्याला धमकाविणें आपल्या हातचें नाहीं व तें आपणांस कोणी सांगितलेंही नाहीं. उपसणें आपल्या हातचें आहे.

डोंगराच्या पायथ्याशीं कात्रजला बसून होडीचा उपदेश कशाला, असें कोणी विचारील. येथें समुद्र नाहीं हें खरें. परंतु पाण्याचे दोन्ही धडे या गांवानें पाहिले आहेत. इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं येथें तळें बांधविलें, आणि दगडचुन्याच्या बंदिस्त नळांतून, वाटेंत ठिकठिकाणीं उच्छ्वास ठेवून, तें पाणी शनिवारवाड्यापर्यंत व पुण्याच्या हौदांपर्यंत नेलें. पाणी आपल्या वाटेनें गेलें, शहराची तहान भागली. याच डोंगरांतून निघणारा आंबिल ओढा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं वाट सोडून घरांत शिरला, आणि कित्येक माणसें प्राणांस मुकलीं. तो ओढा मुठेस मिळतो, मुठा मुळेस मिळून भीमेस जाते, आणि भीमा उजनीच्या जलाशयांत पसरते. तेथें आपल्या इंदापूर, करमाळ्याकडील लोकांच्या होड्या रोज चालतात. मासळीसाठीं चालतात, व दूरचा वळसा चुकावा म्हणून प्रवासासही चालतात. २१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं करमाळा तालुक्यांतील कुगांवाहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे अशीच एक होडी निघाली असतां अकस्मात् वादळ उठलें, होडी उलटली, व सहा जण बुडाले. त्यांत लहान लेंकरेंही होतीं. गालीलाचा समुद्र म्हणजे असेंच डोंगरांनीं वेढलेलें गोड्या पाण्याचें तळें आहे, सुमारें २१ किलोमीटर लांब, आणि तेथील वारा असाच न सांगतां येतो. तेव्हां शिष्यांचें भय आपणांस परकें नाहीं.

आतां होडींत पाणी कसें शिरतें तें पाहूं. वरून शिरतें तें सर्वांस दिसतें. पाऊस पडतो, लाट काठावरून येते, माणसें व ओझें फाजील भरलें म्हणजे काठ पाण्यास टेंकूं लागतो, आणि एरवीं जी लाट बाहेरच्या बाहेर निघून गेली असती ती आंत उडी घेते. याचें भय सर्वांस असतें, म्हणून सावधपणाही असतो. परंतु जाणता नावाडी खालून येणाऱ्या पाण्यास अधिक भितो. फळ्यांच्या सांध्यांत ठांसलेला कापूस व राळ हळूहळू सुटते. खिळ्याभोंवतीं लांकूड कुजतें. इंजिनाची होडी असेल तर पंख्याचा दांडा जेथून तळाबाहेर जातो तेथील आवळण सैल होते. हीं भोंकें मोठीं नसतात. पण त्यांचा हिशेब ऐका. पाण्याच्या पातळीखालीं एक फुटावर एक इंच रुंदीचें भोंक पडलें, तर दर मिनिटास सुमारें चाळीस लिटर पाणी आंत येतें. म्हणजे मोठ्या तीन घागरी. दहा मिनिटांत चारशें किलोंहून अधिक वजन होडींत चढलें, जणूं सहासात माणसें न विचारतां येऊन बसलीं. भोंक दुप्पट रुंद झालें तर पाणी दुप्पट नव्हे, चौपट येतें. आणि होडी जड होऊन खालीं बसूं लागली म्हणजे तेंच भोंक अधिक खोल जातें व पाणी अधिक जोरानें येतें. शिवाय हें पाणी एका जागीं स्वस्थ बसत नाहीं. होडी ज्या अंगास कलली त्याच अंगास तें धांवतें, आणि कललेलीस आणखी कलवितें.

आणि हें सर्व चाललें असतां वर बसलेल्यांस कांहींच दिसत नाहीं. कारण होडीच्या तळाशीं पाय ठेवण्यास फळ्या टाकलेल्या असतात, व पाणी त्यांच्याखालच्या खोलगट भागांत सांचत असतें. फळ्या कोरड्या, गप्पा चालल्या आहेत, भाकरीचें गांठोडें सोडलें आहे. फळीवर पाणी आलें तेव्हां कळलें असें ज्याचें होतें, त्याला फार उशीरां कळलेलें असतें.

आपल्या खेड्यांतील मंडळ्या लहान होड्या आहेत. दहा घरें, पंधरा घरें, कोठें तर तीनच. बाहेरच्या लाटा आपण सोसल्या आहेत. आपल्या आजोबांस विहिरीवर पाणी भरूं दिलें नाहीं, कोणाचें वतन गेलें, कोणास सोयऱ्यांनीं टाकलें. त्या लाटांनीं होड्या बुडाल्याचें मला फारसें आढळत नाहीं, उलट त्या दिवसांत लोक एकमेकांस घट्ट धरून बसले. ज्या मंडळ्या आज रिकाम्या पडल्या त्यांची चौकशी करावी तर कारण लाजिरवाणें लहान निघतें. एका सालीं दानाच्या पैशांची नोंद वहींत राहून गेली. कोणी चोरी केली नव्हती. नोंद मात्र राहिली. पुढच्या सालीं विचारणाऱ्यास वाटलें कीं विचारणें बरें दिसत नाहीं, व ज्याच्याकडे वही होती त्यास वाटलें कीं आपणावर संशय आहे. दोन घरांचें येणें बंद झालें. फळ्या अद्याप कोरड्या होत्या.

याहूनही एक जुनी भेग आहे, आणि ती झांकून मला हा लेख पुरा करतां येत नाहीं. आपण सर्व एका बाप्तिस्म्याचे लोक आहों असें उपासनेंत म्हणतों. परंतु मुलीचें लग्न ठरवितांना समोरच्या घराचे आजोबा कोणत्या वाड्यांतले होते हें आपण विचारतों. हळूच विचारतों, स्वयंपाकघरांत विचारतों, पण विचारतों. कित्येक ठिकाणीं प्रभुभोजनाच्या वेळीं कोण कोणाच्या शेजारीं बसतो यावरून, पाहुण्यासही, जुना गांव ओळखतां येतो. पौलानें गलतीकरांस जें लिहिलें (अध्याय ३, वचन २८) तें आपण चौकटींत घालून भिंतीस लावितों, आणि चौकटीखालीं बसण्याच्या जागा मात्र ठरलेल्या राहतात. ज्या पाण्यांतून प्रभूनें आपणांस वर काढिलें तेंच हें पाणी आहे. तें खालून परत येत आहे. आपल्या भाषेंत तारूं, तारण आणि तारणारा हे शब्द एकाच धातूचे आहेत. तारूं म्हणविणाऱ्याच्या तळाशीं हें पाणी असावें हें मोठें दुःख आहे.

यावर उपाय काय? होडीचाच उपाय पाहूं, कारण त्यांत मला पुष्कळ शिकावयास मिळालें. पूर्वीं डबडें घेऊन पाणी उपसीत, अजूनही उपसतात, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातांतील बादलीसारखा दुसरा पंप नाहीं असें दर्यावर्दी थट्टेनें म्हणतात. त्यानंतर दांड्याचा हातपंप आला. आतां पुष्कळ यांत्रिक होड्यांत विजेचा पंप तळाच्या अगदीं खोल जागीं बसवितात. पाणी वाढलें कीं एक तरंगता खटका वर उचलला जातो आणि पंप आपोआप चालूं होतो. विहिरीवर मोटार असणाऱ्यांस हें समजावून सांगणें नको. फुटव्हॉल्व्हला जशी जाळी असते तशी यालाही असते, आणि ती तशीच तुंबते. गंमत अशी कीं ती तुंबविणारा कचरा बाहेरून आलेला नसतो. मासळीचे खवले, सुतळीचे धागे, बिडीचीं थोटकें, खाऊच्या पिशव्या, हें सर्व होडींतल्या मंडळींनींच टाकलेलें असतें.

या पंपाविषयीं तीन गोष्टी नीट ध्यानांत ठेवाव्या.

पहिली ही कीं, पंप भोंक बुजवीत नाहीं. लहान होडींत बसवितात तसा एखादा विजेचा पंप ताशीं सुमारें दोन हजार लिटर पाणी फेंकतो असें त्याच्या डब्यावर छापलेलें असतें. नळी लांब असली व पाणी उंच चढवावयाचें असलें म्हणजे प्रत्यक्षांत त्याहून बरेंच कमी. आणि वर सांगितलेलें एक इंचाचें भोंक ताशीं अडीच हजार लिटर आंत घेतें. म्हणजे पंप चालूं असूनही होडी बुडणार, थोडी सावकाश बुडणार इतकेंच. पंप वेळ मिळवून देतो. त्या वेळांत फळी उचलून, हात घालून, भोंक शोधून त्यांत चिंधी ठांसावयाची असते. दर रविवारीं आपण पापांगीकाराची प्रार्थना करितों ती योग्यच आहे. परंतु तोच राग, तीच निंदा, तीच दारू दर रविवारीं उपसावयाची आणि ती कोठून येते हें एकदांही पाहावयाचें नाहीं, याला शास्त्र पश्चात्ताप म्हणत नाहीं. जक्कयानें प्रभूस घरीं जेवूं घातलें व लागलाच चौपट परत करण्याचा हिशेबही सांगितला (लूक, अध्याय १९). त्यानें भोंकावर हात ठेवला.

दुसरी गोष्ट. आपोआप चालणारा पंप हा सोयीचा खरा, पण त्याच्यामुळें मालकास किती पाणी येत आहे हें कळेनासें होतें. पूर्वीं डबड्यानें उपसणाऱ्यास रोजचा हिशेब ठाऊक असे : काल वीस डबडीं निघालीं, आज तीस निघालीं, अर्थात् कोठें तरी सांधा सुटला. आतां पंप मुकाट्यानें चालतो, मालक सुखानें झोंपतो, आणि ज्या रात्रीं बॅटरी उतरते त्या रात्रीं होडी धक्क्याला बांधलेल्या जागींच बुडते. पुष्कळ मंडळ्यांनीं आपल्या पाळकाचा किंवा उपदेशकाचा असा पंप केला आहे. भांडण झालें, उपदेशक मिटवील. आजाऱ्याकडे गेलें पाहिजे, उपदेशक जाईल. मुलें वचनें विसरलीं, उपदेशक शिकवील. प्रार्थना करावयाची, तोही तोच करील. तो करितो म्हणून किती पाणी येत आहे हें कोणासच ठाऊक नसतें. मग त्याची बदली होते, किंवा तो अंथरुणास खिळतो, आणि सहा महिन्यांत मंडळी मोडली असें ऐकूं येतें. उपदेशक बंधूंनो, तुम्ही पहाटे उठून एकट्यानें उपसतां तें प्रभु पाहतो. परंतु दुसऱ्या हातांत डबडें द्या. तो निम्में पाणी आपल्याच पायांवर सांडील, तरी द्या. ज्यानें एकदां उपसलें तो पुन्हां होडींत बिडीचीं थोटकें टाकीत नाहीं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत अद्भुत वाटली. पंपाची नळी होडीच्या कुशींतून ज्या ठिकाणीं बाहेर पडते, तें तोंड जर पाण्याच्या पातळीच्या फार जवळ असेल, आणि नळीला उंच वळसा दिलेला नसेल किंवा परत येणारें पाणी अडविणारी झडप नसेल, तर होडी ओझ्यानें बसली म्हणजे तें तोंड बुडतें आणि पंप बंद होतांच बाहेरचें पाणी त्याच नळीनें आंत येऊं लागतें. जी वाट पाणी काढण्यासाठीं केली तीच पाणी आणण्याची झाली! प्रार्थनासभेंत असें होतांना आपण पाहिलें नाहीं काय? एखादा उठतो व म्हणतो, प्रभु, आमच्या अमक्या बंधूच्या घरीं जें चाललें आहे त्याबद्दल आम्ही विनंती करितों. आणि सभा सुटते तेव्हां ज्यांस ठाऊक नव्हतें त्यांसही तें सर्व ठाऊक झालेलें असतें. आपलें पाप सांगावयाचें तें तोंड दुसऱ्याचें पाप आंत आणूं लागतें. त्या नळीला उंच वळसा द्यावा. आधीं देवाजवळ चढावें, मग बाहेर पडावें; आणि बंधूविषयीं जें बोलावयाचें तें मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत सांगितल्याप्रमाणें प्रथम त्याच्याजवळ एकांतांत बोलावें.

येथें कोणी म्हणेल कीं, हा तर कर्माचा उपदेश झाला. आपलें तारण कृपेनें आहे, उपसण्यानें नाहीं. खरें आहे, व मीही तेंच सांगतों. होडींत प्रभु नसता तर उपसून उपसून शिष्य थकले असते व बुडाले असते. परंतु वचन मिळालें म्हणून हात बांधून बसावें असें शास्त्रांत नाहीं. रोमास जाणाऱ्या तारवावर पौलास देवाच्या दूतानें स्पष्ट सांगितलें कीं, कोणाचाही प्राण जाणार नाहीं. तें ऐकूनही पौलानें, खलाशी गुपचूप मचवा सोडून पळूं लागले तेव्हां, हे तारवांत राहिले नाहींत तर तुम्ही वांचणार नाहीं असें शताधिपतीस बजाविलें. दोनशें शहात्तर माणसांस जेवावयास लाविलें. आणि मग सर्वांनीं मिळून गहूं समुद्रांत टाकून तारूं हलकें केलें (प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २७). पौलाचा विश्वास गहूं फेंकणाऱ्यांस आड आला नाहीं.

एक शब्द सुकलेल्यांविषयीं. कोंकणांत पावसाळ्यांत होड्या ओढून किनाऱ्यावर ठेवितात. लांकडी होडी फार दिवस कोरडी राहिली म्हणजे फळ्या आखडतात व सांधे उघडतात. पुन्हां पाण्यांत लोटली कीं पहिले एक दोन दिवस ती जागोजाग गळते. शहाणा तांडेल ती मोडीत काढीत नाहीं. तो उपसत राहतो, आणि लांकूड पाणी पिऊन फुगतें व सांधे आपसांत मिळतात. कोणी भाऊ चार वर्षांनीं मंडळींत परत आला, आणि पहिल्याच महिन्यांत दोनदां भांडला, तर त्याला फाटलेलें लांकूड म्हणूं नका. त्याला पाण्यांत राहूं द्या व त्याच्या वांट्याचें थोडें तुम्ही उपसा.

इ. स. १९८६ मध्यें अवर्षणानें गालील समुद्राचें पाणी फार ओसरलें असतां गिनोसार गांवाजवळील चिखलांत एक प्राचीन होडी सांपडली. ती प्रभूच्या काळाच्या आसपासची आहे असें विद्वानांनीं ठरविलें. प्रभु याच होडींत बसला होता असें कोणी म्हणूं नये. तसें म्हणण्यास आधार नाहीं. ती सुमारें आठ मीटर लांब व सव्वादोन मीटर रुंद आहे. मुख्य फळ्या देवदाराच्या जातीच्या, फासळ्या ओकच्या. परंतु सर्व मिळून दहाबारा जातींचें लांकूड तिच्यांत आढळलें, कारण मालकानें वारंवार डागडुजी करून, जेथें जें लांकूड मिळालें तें जोडून, ती चालविली. कोणीतरी गरीब कोळी असेल. नवी बांधावयास त्याच्याजवळ पैसे नव्हते, आणि जुनी बुडूं द्यावयाची त्याची तयारी नव्हती. पेत्राची होडी याहून फार निराळी असेल असें मला वाटत नाहीं.

म्हणून येत्या प्रभुभोजनाच्या आधींच्या आठवड्यांत प्रत्येक मंडळीच्या वडिलांनीं दोन कामें करावीं अशी माझी विनंती आहे. निधीची वही मंडळीसमोर उघडून पहिल्या पानापासून वाचावी, न समजलेलें विचारावें, व विचारणाऱ्यावर रागावूं नये. आणि जीं दोन घरें एकमेकांकडे पाणी पीत नाहींत त्यांच्याकडे पाळकास पाठविण्याऐवजीं दोन वडिलांनीं स्वतः जावें, दोन निरनिराळ्या वाड्यांतल्या दोन वडिलांनीं.

मार्क सांगतो कीं त्या रात्रीं प्रभूच्या होडीबरोबर दुसऱ्याही होड्या होत्या. त्यांत कोण होते, त्यांचीं नांवें काय, कांहीं लिहिलेलें नाहीं; त्यांत प्रेषित नव्हते, व प्रभुही त्यांत निजला नव्हता. तरी वारा त्यांच्यावरही पडला, आणि निवांत झालें तें त्यांच्यासाठींही झालें. त्याही होड्यांचे तळ पाण्यानें भरलेले असतील. उपसत उपसत सर्व पलीकडच्या किनाऱ्यास लागले, आणि पांचव्या अध्यायाच्या आरंभीं लिहिलें आहे कीं, प्रभु होडींतून उतरतांच कबरांतून एक मनुष्य निघून त्याला भेटला, ज्याला कोणी सांखळीनेंही आवरूं शकत नव्हतें. शिष्यांचे कपडे तेव्हां अजून ओलेच असतील.